बॉनेटवरची पेटी

मागच्या महिन्यात दीपमालाचा फोटो पेपरात आला. वर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘यवतमाळच्या मातीत बहरलं ऑर्किड’. मी तो मथळा दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा माझं डोकं फिरलं. दीपमालाच्या शेडमध्ये मातीचा कण नाही. तिथे आहे तो कोळसा, फुटक्या कवेलूंचे, म्हणजे छपराच्या कौलांचे तुकडे आणि कळंबच्या चिंतामणीच्या देवळातून पोत्यांनी आणलेली नारळाची सालं. ऑर्किड मातीत लावलं की कुजून मरतं, एवढं तरी छापणाऱ्यानं तिला विचारायचं होतं. फोटोत ती हसताना दिसते. एरवी ती हसत नाही असं नाही, पण त्या दिवशी पहाटेपासून लाइट गेली होती, फवारे बंद होते आणि ती चार बायकांना घेऊन हाताच्या फवारणी-पंपानं झाडं ओली करत होती. फोटोवाला म्हणाला, मॅडम, थोडं हसा. ती हसली, त्याला चहा दिला आणि परत पंप उचलला.

लोक मला थांबवून विचारतात, “रामरावजी, पोरीनं नाव काढलं ना?” काढलं. पण नाव काढायला काय लागतं हे ऐकायला कोणी थांबत नाही. मी रोज पाहतो म्हणून सांगतो, ती थकलेली बाई आहे. वय अडतीस, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठते.

मी एकोणतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो. दोन वर्षांपूर्वी रिटायर झालो आणि तेव्हापासून रोज सकाळी तिच्या शेडमध्ये जातो. पगार घेत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, घरी बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. जे उरलं ते सांगायला बसलोय. माझ्या हाताला तिकीट फाडायची सवय आहे, लिहायची नाही, तेव्हा थोडं सांभाळून घ्या.

दीपमालाचं गाव आमदरी, कळंबहून राळेगावला जाताना लागतं. स्टॉप म्हणजे एक बाभूळ आणि एक पानठेला. तिचे वडील बाबाराव झाडावर चढण्यात पटाईत. दिवाळी झाली की आंब्याला मोहर येईपर्यंत त्यांना उसंत नसे. आमराईवाले त्यांना बांडगूळ काढायला बोलवत. बांडगूळ म्हणजे झाडावर झाड, मूळ झाडाचा रस पिऊन जगणारं. ते वेळेवर काढलं नाही तर फांदी वाळते. बाबाराव कोयता कमरेला खोचून वर चढत आणि फांदीवर जे जे परकं दिसेल ते खरवडून खाली टाकत.

आता त्या फांद्यांवर बांडगुळाशिवाय आणखी एक झाड असतं. जाणती माणसं त्याला रास्ना म्हणतात. जाड पांढरी मुळं सालीला धरून असतात, पानं पट्ट्यांसारखी, आणि एप्रिल-मे मध्ये त्याला चौकटी-चौकटीची पिवळट तपकिरी फुलं येतात, मध्ये जांभळी जीभ. ते झाडाचं काही खात नाही, नुसतं बसलेलं असतं. हे आपल्याकडचं ऑर्किड. पण आमच्या भागात झाडावर झाड दिसलं की सगळंच बांडगूळ, आणि कोयत्याला तरी फरक कुठून कळणार. वर्षानुवर्षं बाबारावांनी बांडगुळाबरोबर रास्नाही खरवडली, आणि आमराईवाले वरून शाबासकी देत गेले.

दीपमाला आठ-नऊ वर्षांची असेल. बापासोबत आमराईत जायची आणि खाली पडलेली ती झाडं वेचायची. घरामागं एक कडुनिंब होता. आई पंचफुलाच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या करून पोरगी ती झाडं कडुनिंबाला बांधायची आणि रोज तोंडानं पाण्याचा फवारा मारायची. गावातल्या बाया म्हणत, बाप झाडावरचं काढते अन पोरगी झाडावर लावते, दोघाईले मजुरी कोन देते.

मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते माझ्या गाडीत. बाप-लेक राळेगावकडून काम आटोपून येत होते. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि ही पोरगी मांडीवर पोतं घेऊन बसलेली, पोत्यातून मुळं बाहेर आलेली. मी तेव्हा नवीन होतो, त्यामुळे जरा जास्तच कडक होतो. म्हटलं, “सामानाचं तिकीट लागन.”

ती म्हणाली, “हे सामान नोहे. हे जितं हाये.”

“मंग तं लागतेच. कोंबडीचं लागते, बकरीचं लागते.”

तिनं बापाकडे पाहिलं. बाबाराव खिसा चाचपायला लागले. तिनं पोतं आणखी जवळ ओढलं आणि मला म्हणाली, “याले मीच धरून ठेवते. गाडीले लागू नाई देत.” आणि खरोखर आमदरी येईपर्यंत तिनं ते पोतं मांडीवरून हलू दिलं नाही. मी तिकीट फाडलं नाही. नोकरीतला माझा पहिला गुन्हा तो.

त्याच्या पुढच्या वैशाखात, बुद्धपौर्णिमेला, कडुनिंबावरच्या एका झाडाला फुलं आली. ती दांडी घेऊन पोरगी विहारात गेली आणि मूर्तीसमोर ठेवली. लोक विचारू लागले, हे कुठलं फूल, यवतमाळच्या बाजारातून आणलं काय. बाबाराव मागे बसले होते. नंतर त्यांनीच मला गाडीत सांगितलं, “मास्तर, म्या सांगतलं, बाजारातून नाई आनलं. म्या तोडून फेकतो तेच हाये.” त्या वर्षापासून ते बांडगूळ कोयत्यानं काढायला लागले आणि रास्ना हातानं. हातानं काढायला वेळ लागतो, आणि मजुरी झाडामागं मिळते, वेळेमागं नाही. पण त्यांनी ते शेवटपर्यंत केलं. तोंडानं मात्र म्हणायचे, बांडगूळ विकून कोणाचं पोट भरते काय.

पोरीनं मात्र तेच मनावर घेतलं. कळंबला कॉलेज केलं, मग यवतमाळला एका सजावटवाल्याकडे झेंडूच्या माळा ओवायला लागली. तिथे तिनं लग्नाच्या स्टेजवर विकतची ऑर्किडं पाहिली. जांभळ्या दांड्या, कुठून कुठून विमानानं नागपूरला येणाऱ्या, आणि लग्न लागलं की उकिरड्यावर. लग्न होऊन ती कळंबला आली. नवरा इंद्रजित वायरमन, कमी बोलणारा. दोघांनी पैसे जमवून पुण्याहून वीस झाडं मागवली. पहिल्या मे महिन्यात सगळी मेली. आमच्याकडचा मे काय असतो ते सांगत बसत नाही, ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दुसऱ्या वर्षी हिरवी जाळी लावली, ओली बारदानं टांगली, अर्धी मेली. तिसऱ्या वर्षी इंद्रजितनं फवाऱ्याच्या नळ्या ओढल्या. मग झाडं जगायला लागली आणि फुलांच्या दांड्या निघायला लागल्या.

त्या दांड्या नागपूरला जायच्या कशा? एसटीनं. मी तेव्हा सकाळच्या नागपूर गाडीवर होतो. ती पुठ्ठ्याचे डबे घेऊन कळंबच्या स्टँडवर उभी असायची. बाकीचे कंडक्टर तिचे डबे घेत नसत. कोणी म्हणे पाणी गळते, कोणी म्हणे जागा नाही, आणि कोणी काही न म्हणता मान फिरवून घेई. न बोललेलं काय होतं ते मलाही कळत होतं आणि तिलाही. मी डबे घेतले. मोठा उदार होतो असं नाही, पण ते पोतं माझ्या लक्षात होतं. मागच्या सीटच्या मागे, वारा लागेल अशा ठिकाणी ठेवायचो. नागपूरला सजावटवाल्याचा माणूस येऊन घेऊन जायचा. ती रोज एकच वाक्य बोलायची, “सावलीत ठेवजा, काका.”

पण दांड्या विकून तिचं समाधान नव्हतं. बाहेरची ऑर्किडं कितीही जपली तरी आमच्या उन्हाला कुरकुर करायची. आणि कडुनिंबावरची रास्ना, तिला ऊन काही करू शकत नव्हतं, पण तिचं फूल लहान, विकायला ठेवलं तर कोणी पाहणार नाही. दीपमालानं दोघांचा संबंध जुळवला. मोठ्या फुलाचा पराग काडीनं रास्नेला लावला, तीच पहिली, पोत्यातून आणलेली रास्ना. शेंग धरली. ऑर्किडची शेंग पिकायला आठ-नऊ महिने लागतात आणि शेंग धरली की झाड थकतं, हे मला तिनंच सांगितलं. पिकलेली शेंग तिनं नागपूरच्या एका लॅबला दिली. तिचं बी भुकटीसारखं असतं, ते बाटलीत, खिरीसारख्या घट्ट औषधात पेरतात. वर्ष-सव्वा वर्ष लागतं. इकडे शेंग दिल्यावर कडुनिंबावरची रास्ना उतरत गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळली. म्हणजे तिचं जे काही उरलं ते सगळं नागपूरच्या बाटल्यांत होतं.

ही नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची गोष्ट. बाबाराव आंबे उतरवताना झाडावरून पडले. खुबा मोडला. यवतमाळच्या दवाखान्यात भरती केलं. दीपमाला, इंद्रजित, पंचफुला, तिघं आळीपाळीनं तिथेच. आणि नेमका त्याच आठवड्यात लॅबचा निरोप आला, बाटल्या तयार आहेत, घेऊन जा, आमच्याकडे जागा नाही. तिचा मला फोन आला. आवाज अगदी बसलेला होता.

“काका, बाबाले सोडून मी नाई जाऊ शकत. तेवढी पेटी तुमी आनसान का?”

मी म्हटलं, “त्यात काय एवढं, आनतो.”

“सावलीत ठेवजा, काका. उन्हात नोका ठेवू.”

लॅबच्या माणसानं पेटी नागपूरच्या स्टँडवर माझ्या हातात दिली. तीस बाटल्या. मी एक बाटली काढून पाहिली. आत हिरवे ठिपके, नखाएवढी पानं. आता ही पेटी ठेवायची कुठे?

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल. आमच्या जुन्या लाल गाडीत इंजिन आतच, ड्रायव्हरच्या बाजूला असतं, आणि त्यावर झाकण, त्याला आम्ही बॉनेट म्हणतो. गाडीत ती सगळ्यात मानाची जागा. खेड्यातल्या आया शहरात शिकणाऱ्या पोरांना एसटीनं जेवणाचे डबे पाठवतात. ते डबे मी कधी मागे टाकले नाहीत. सगळे बॉनेटवर, ओळीनं, वरून माझा टॉवेल. पोरांना भाजी गरम मिळायची. एकदा एका मायनं मला म्हटलं, मास्तर, तुमच्या गाडीतला डबा घरच्यासारखा गरम येते. त्याचा मला फार अभिमान होता. बॉनेटवर कोणाचा पाय लागत नाही, कोणी पेटीवर पेटी ठेवत नाही, आणि सूर्य तिथे पोचत नाही. माझ्या डोक्यात सावली म्हणजे ऊन नाही, एवढंच होतं.

मी परतीचे रिकामे डबे बाजूला सारले आणि पेटी बॉनेटवर ठेवली. ड्रायव्हर प्रेमसिंग होता. शहाणा माणूस. तो म्हणाला, “मास्तर, बॉनेट आज लय तापून राह्यलं. पेटी मांघं ठेवा.”

मला राग आला. माझ्या हद्दीत मला कोणी शिकवलेलं मला चालत नसे, अजूनही चालत नाही. म्हटलं, “तू गाडी चालव. सामान कोठी ठेवाचं ते मले माहीत हाये.” प्रेमसिंगनं गाडी चालवली. वर्ध्याला टायर बदलायला तासभर गेला, बाकी गाडी वेळेवर. साडेचार तास ती पेटी बॉनेटवर होती, आणि मी अधूनमधून वरून हात लावून पाहत होतो. वरून गार लागत होती. मी मनात म्हटलं, पाहा, कशी जपून आणली.

कळंबला दीपमाला उभी होती. थेट दवाखान्यातून आलेली, डोळे लाल. तिनं पेटी स्टँडवरच्या बाकावर ठेवली आणि उघडली. पहिल्या बाटलीत खिरीचं पाणी झालं होतं आणि रोपं उकडलेल्या मेथीसारखी तळाशी बसलेली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. कडेच्या दोन-तीन बाटल्यांत थोडं हिरवं होतं. तिनं रिकामा हात पेटीच्या बुडाखाली घातला आणि तसाच थोडा वेळ ठेवला.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माझ्या तोंडून निघालं ते असं, “लॅबवाल्यानं खराब देल्लं असन.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “असन,” ती म्हणाली. मग पेटी बंद करून कडेवर घेतली आणि यवतमाळच्या गाडीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी फुलांचे डबे घेऊन स्टँडवर हजर. डबे चढवले आणि म्हणाली, “सावलीत ठेवजा, काका.” मला वाटलं, सुटलो. तिला काही कळलेलं नाही.

त्या पेटीतून अकरा रोपं वाचली. हजारांतून अकरा. पण त्यांना चटका बसला होता. दोन वर्षं ती रोपं हललीच नाहीत, ना पान ना मूळ. तिनं ती फेकली नाहीत. बाबाराव दवाखान्यातून आले ते काठी घेऊन. लेकीनं त्यांना कळंबला आपल्याकडे ठेवून घेतलं. झाडावर चढणं संपलं होतं. ते दिवसभर शेडमध्ये खुर्ची टाकून त्या अकरा कुंड्यांसमोर बसत. गाडीची वेळ होईपर्यंत मी तिथे चहाला थांबलो की विचारत, “मास्तर, हे कधी फुलन?” मी म्हणायचो, फुलेल. त्यांना वाटायचं कंडक्टरला सगळ्या गाड्यांच्या वेळा माहीत असतात. दरवेळी मी चहा संपवून गाडीच्या नावानं उठायचो. चार वर्षांपूर्वी, डिसेंबरात, बाबाराव गेले. तोवर एकही फुललं नव्हतं.

पहिलं फूल आलं त्यानंतरच्या दुसऱ्या एप्रिलमध्ये, मी रिटायर झालो त्याच महिन्यात. तळहाताएवढं. पाकळ्यांवर रास्नेच्या त्याच चौकटी, पण मोठ्या, मध्ये तीच जांभळी जीभ, आणि वास असा की सकाळी शेडमध्ये गेलं की आधी वासच येतो. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि फूल पंधरा दिवस उतरलं नाही. दीपमालानं पहिली दांडी कापली ती विहारात नेऊन ठेवली, बापानं पाहिलं होतं त्याच जागी. दुसरी दांडी माझ्या निरोपसमारंभात डेपोत पाठवली. बाकीच्यांनी मला शाल दिली, नारळ दिला, घड्याळ दिलं. ती दांडी हातात घेतली आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. पुढच्या सोमवारी मी तिच्या शेडवर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, काम सांग.

आता धंदा वाढला आहे. अर्ध्या एकराची जाळी आहे, चार बायका कामाला आहेत, अमरावती-चंद्रपूरपर्यंत कुंड्या जातात, एक छोटी गाडी घेतली आहे, तिचा धाकटा भाऊ विक्की चालवतो. पण वाढला म्हणजे काय झालं ते मी पाहतो. लग्नसराईत तिचा फोन थांबत नाही. कोणाला उद्या सकाळी शंभर दांड्या पाहिजेत, जसं काही त्या तिच्या पदरात बांधलेल्या आहेत. लाइट गेली की तिचा जीव जातो. पाऊस जास्त झाला की बुरशी, थंडी पडली की कळ्या गळतात. चार दिवस कुठे जायचं म्हटलं तर झाडांना कोण पाहणार. बहिणीच्या लग्नाला ती मंगलाष्टकांपुरती... चुकलो, त्यांच्यात मंगलाष्टका नसतात, वंदनेपुरती पोचली आणि जेवायच्या आत परतली. मी एकदा म्हटलं, थोडं कमी कर. ती म्हणाली, “कमी करता येत नाई, काका. यातलं कोनतंच थांबत नाई.” ती तक्रार करत नव्हती, नुसती सांगत होती.

यंदा मार्चात लॅबचा परत निरोप आला. त्या अकरांपैकी दोन झाडांच्या शेंगा दिल्या होत्या, बाटल्या तयार झाल्या होत्या. दीपमालाला दुसऱ्या दिवशी एका मोठ्या लग्नाची ऑर्डर होती. ती माझ्याकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, “विक्की गाडी नेते. सोबत तुमी जा. पेटी तुमी आनसान का?”

तेच शब्द. माझ्या हातातली पिचकारी तशीच राहिली. मी हो म्हटलं.

नागपूरहून येताना मी पेटी मांडीवर घेतली. विक्की म्हणाला, मागे जागा आहे. मी म्हटलं, राहू दे. तीन तास मी पेटी सोडली नाही, पाण्याला उतरलो नाही. देवळीच्या पुढे पायाला मुंग्या आल्या, मग पाय कळेनासे झाले. दर दहा मिनिटांनी बुडाखाली हात घालून पाहत होतो. म्हाताऱ्याचा खुळेपणा म्हणा. ते पोतं मांडीवर धरून बसलेली पोरगी मला सारखी आठवत होती.

शेडमध्ये दीपमालानं पेटी टेबलावर ठेवून उघडली. एकेक बाटली उजेडात धरून पाहिली. सगळ्या हिरव्या. मी बाकावर बसलो आणि म्हटलं, “दीपमाला, तवाची पेटी म्या बॉनेटवर ठेवली होती. प्रेमसिंग नोको म्हने तरी.”

तिनं हातातली बाटली फडक्यानं पुसली. “मले माहीत हाये.”

“कवापासून?”

“तवापासून. पेटीचं बूड गरम होतं. उन्हानं पेटी वरून तापते, काका. खालून नाई तापत.”

“मंग तू बोलली काहून नाई?”

तिनं बाटली ठेवली. “काय बोलू? बाबा दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी नागपूरले फुलं न्याची होती. तुमच्याबिगर कोनता कंडक्टर माहे डबे घेत होता? तुमाले बोलली असती अन तुमी डबे घेनं बंद केले असते तं मी काय केलं असतं? राग आला होता. गिळला.”

मी इतकी वर्षं समजत होतो की तिला कळलं नाही, किंवा कळलं असेल तर तिनं मोठ्या मनानं माफ केलं. तसं काहीच नव्हतं. तिला माझी गाडी पाहिजे होती, म्हणून ती गप्प होती. रोज सकाळी “सावलीत ठेवजा, काका” म्हणताना ती ते गिळत होती. मला फार लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, थोडं दुखलंही.

“मले वाटे तुमी सांगसान,” ती म्हणाली. “एक दिवस पाह्यलं, एक महिना पाह्यला. मंग वाटलं, रिटायर झाल्यावर सांगसान. दोन वर्षं झाले तुमी अठी पानी मारून राह्यले अन मी वाट पाहून राह्यली.”

“आता सांगतलं ना.”

“व्हय. सांगतलं.” ती टेबलाच्या या बाजूला आली. “आता माह्यापाशी गाडी हाये. आता मले तुमची गरज नाई. आता मले रागावू द्या.”

आणि ती रागावली. आवाज चढवला नाही, पण कामाच्या बायका थांबल्या आणि विक्की बाहेर निघून गेला. बॉनेटचं ती फार बोलली नाही, ते नेणतेपणी झालं म्हणाली. लॅबवाल्याचं नाव घेतलं ते तिनं काढलं. त्याच्यावर ढकलून तुम्ही गाडीत चढून गेलात, म्हणाली. प्रेमसिंगचं ऐकलं नाही ते काढलं. तुमचा अभिमान नेहमी आडवा येते म्हणाली, आणि त्याची उदाहरणं दिली, ज्यांतली काही मी विसरलो होतो. मग म्हणाली, “रोपांले चटका बसला नसता तं दोन वर्षं आधी फुलले असते. बाबानं पाह्यलं असतं. रोज खुर्चीवर बसून इचारत होते तुमाले, कधी फुलन. तुमी चहा पीत होते.” ती पाठमोरी झाली आणि पदरानं तोंड पुसलं.

मी उभा होतो. नोकरीत मला साहेबांनी पुष्कळ झापलं, प्रवाशांनी शिव्या दिल्या, मी प्रत्येकाला उलटून बोललो. ही एकच वेळ, मी पूर्ण ऐकून घेतलं.

ती माठातलं पाणी प्याली. बराच वेळ बाटल्या रॅकवर लावत राहिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, “उद्या येऊ नोका. मले एक दिवस तुमचं तोंड नाई पाहाचं. परवा सहाले या. रोपं बाटलीतून काढाची हायेत, हात लागतीन.”

दुसऱ्या दिवशी घरीच होतो. बायको म्हणाली, “आज गेले नाई?” म्हटलं, सुट्टी हाये. दुपारी जेवून पडलो तो दिवेलागणीलाच उठलो. इतकी झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती. उठलो तेव्हा अंग जड होतं, पण कसलं ओझं वाहून आल्यावर होतं तसं.

तिसऱ्या दिवशी सहाला गेलो. ती माझ्या आधी आलेली, डोळ्यांखाली काळं, केस नीट विंचरलेले नाहीत. टेबलावर दोन चिमटे ठेवले होते, एक तिचा, एक मला. जाळीखाली नेहमी ऊन येतं त्या जागेवरून तिनं माझी खुर्ची उचलून आत घेतली होती. ती खुर्ची पूर्वीची बाबारावांची.

“सावलीत बसजा, काका,” ती म्हणाली, आणि पहिली बाटली माझ्या हातात दिली.